असंच धरा, चॅम्पियन

पडेगावात सुदर्शन औताडेला त्याच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. चहावाला त्याला चॅम्पियन म्हणतो, सलूनवाला चॅम्पियन म्हणतो, पाण्याच्या टँकरवरचा माणूससुद्धा "चॅम्पियन, पाइप धरा जरा" असंच म्हणतो. जिनं बारशाला घुगऱ्या वाटून हे नाव ठेवलं ती सख्खी आई सरूबाई, तीही परवा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चॅम्पियन, भाकर निवायली." बायको दीपमाला तेवढी अजून 'अहो' म्हणते, आणि रागावली की तेही म्हणत नाही.

आता हा चॅम्पियन कशाचा, ते मात्र विचारू नका. विचारलंत तर निम्मं पडेगाव "ते बाण मारायचं असतं ना, त्याचा" असं सांगेल आणि उरलेलं निम्मं "नेमबाजीचा" म्हणेल. एका पेपरनं तर 'धनुर्विद्येत पडेगावचा झेंडा' असा मथळा दिला होता. सुदर्शननं ते कात्रण फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. चूक दुरुस्त करायला त्यानं कुणाला फोन केला नाही, कारण फोटो चांगला आला होता.

खेळाचं नाव डार्ट. भिंतीवर परातीएवढा गोल बोर्ड, त्यावर आकड्यांच्या फाका, आणि सात-आठ फुटांवरून बोटाएवढे तीन बाण मारायचे. पाचशे एकापासून उलटं मोजत बरोबर शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण बाहेरच्या बारीक कडीतच रुतला पाहिजे. नाही रुतला तर केलेलं सगळं पाण्यात. विलायतेत हा खेळ दारूच्या गुत्त्यात खेळतात. ही गोष्ट सुदर्शननं माळकरी आईपासून आजतागायत लपवून ठेवली आहे.

त्याचा खेळ मात्र सुरू झाला खुलताबादच्या उरुसात. उरूस लागला की वडील साहेबराव भाजीचा टेम्पो रिकामा करून सगळ्या घराला त्यात भरायचे आणि घाट चढून न्यायचे. तिथं पाळण्यांच्या मागं जहांगीरचाचांचं फुग्यांचं दुकान असे. निळ्या ताडपत्रीचा आडोसा, फळीवर ओळीनं फुगे, आणि तीन बाणांत तीन फुगे फोडणाऱ्याला साबणदाणी नाहीतर स्टीलचा पेला. शेजारच्या दुकानांत छर्र्याच्या बंदुका आल्या होत्या. जहांगीरचाचा अजून बाणांवरच होते, आणि ते बाण त्यांनी शिस्तीत किंचित वाकवून ठेवलेले असत. धंदा होता तो, धर्मादाय दवाखाना नव्हता.

सगळ्या जत्रेत हे वाकडेपण एकट्या सुदर्शनच्या लक्षात आलं. तो बाण उचलायचा, बोटांत फिरवून त्याचा कल बघायचा आणि तेवढाच नेम बाजूला धरायचा. फट, फट, फट. दुसऱ्या वर्षी औताडेंच्या घरात अंघोळीच्या साबणापेक्षा साबणदाण्या जास्त झाल्या. तिसऱ्या वर्षापासून हे कार्टं गर्दीत लांबून दिसलं की जहांगीरचाचा ताडपत्रीची दोरी ओढायचे. पडदा धपकन खाली. आतून आवाज यायचा, "बंद है बेटा, खाना खारा मैं." मग सकाळचे दहा वाजलेले असोत की दुपारचे चार. सुदर्शनच्या आयुष्यातला सगळ्यात खरा सत्कार हाच होता, पण त्यात शाल नसल्यामुळं तो त्याला ओळखता आला नाही.

पुढं त्यानं आयटीआय केलं आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला. कंपनीची बस पश्चिमेच्या पडेगावातून त्याला उचलायची आणि अख्खं शहर ओलांडून पूर्वेला नेऊन टाकायची. त्या कंपनीत एकदा परदेशातून एक साहेब आले. कामगारांच्या मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी करमणुकीच्या खोलीत डार्टचा बोर्ड लावला. साहेबांची पाठ वळताच ऑफिसनं त्यावर नोटिसा लावायला सुरुवात केली. टाचण्यांचीही सोय होती, तीन बाण होतेच. कामगारांच्या मनावरचा ताण वाढवणारा ओव्हरटाइमचा कागद वर्षभर त्याच बोर्डावर त्याच बाणांनी टोचलेला राहिला.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुदर्शननं तो कागद काढून खिशात घातला आणि पहिला बाण मारला. बाण बोर्डाच्या बाहेर भिंतीत गेला. दुसराही गेला. त्याला कळेना. मग उजेड पडला की हे बाण सरळ आहेत, आणि आपल्या हाताला सवय वाकड्याची आहे.

त्या रविवारी तो जहांगीरचाचांच्या घरी गेला. चाचा पडेगावातच राहायचे, मशिदीच्या मागच्या गल्लीत. गच्चीवर कबुतरांची खुराडी होती.

"चाचा, सरळ बाण कसा मारायचा?"

चाचा इतके हसले की कबुतरं उडाली. "माझं दिवाळं काढलं, आता शिकायला आला व्हय? बस." त्यांनी त्याच्या हातात एक कबूतर दिलं. "आता याला फेक."

"फेकू कसं? मरंल ते."

"हां. मग काय करायचं?"

सुदर्शननं हात पुढं नेला आणि बोटं उघडली. कबूतर गेलं.

"बस, येवढंच हाय," चाचा म्हणाले. "फेकू नक्को. सोड. सोडायला आलं की सगळं आलं."

चाचांनी त्याला शागीर्द करून घेतलं. उस्ताद झाल्यावर साबणदाण्या द्याव्या लागत नाहीत, हा हिशेबही त्यात होता. दोन वर्षं दर रविवारी गच्चीवर बोर्ड टांगला जाई आणि सुदर्शन सोडत राही. कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा त्यानं जिंकली, मग जिल्हा, मग राज्य. कुणाला पत्ता नव्हता. घरीसुद्धा त्या चषकांत दीपमाला सुया-दोरे ठेवायची. ती शिवणकाम करते, आणि घरात आलेल्या कुठल्याही वस्तूचा उपयोग काय, हा तिचा पहिला प्रश्न असतो. मग इंदूरला राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि सुदर्शन तिथं पहिला आला.

सकाळी ट्रॅव्हल्सच्या बसमधून तो पडेगावला उतरला तेव्हा त्याला वाटलं, आई आणि बायको घ्यायला आल्या असतील. आला होता जेसीबी.

जेसीबी तात्यासाहेबांनी आणला होता. तात्यासाहेब हे पडेगावचे भावी नगरसेवक. निवडणुका लांबत गेल्या तसे तात्यासाहेबही लांबत गेले. फ्लेक्सवरचा त्यांचा गॉगल बदलला, दाढी आली, दाढीत पांढरं आलं, पण नावाआधीचा 'भावी' काही हलला नाही. दहावीचे गुणवंत, दहीहंडी, कुणाचा नवा ट्रॅक्टर, मिळेल त्याचा ते सत्कार करत. आयत्या बिळावर नागोबा व्हायची त्यांची केव्हाची तयारी होती, बीळच सापडत नव्हतं. ते आता इंदूरहून चालून आलं.

क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीच्या खोऱ्यातून झेंडूची फुलं, पुढं डीजे. सुदर्शनला उघड्या जीपवर चढवलं. तात्यासाहेबांनी माइक घेतला. "या पोराला मी ल्हानपणापासून बघतोय," ते म्हणाले, आणि माइकवर हात ठेवून कार्यकर्त्याला विचारलं, "नाव काय म्हणला याचं?" नाव कळल्यावर मात्र त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. सुदर्शन म्हणजे चक्र, चक्र म्हणजे गोल, बोर्डही गोल, असं पाऊण तास चाललं.

खरं सांगायचं तर सुदर्शनला ते सगळं लई आवडलं. इंदूरला सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हा जे वाटलं नव्हतं ते जेसीबीखाली वाटलं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोक बदनाम आहेत, पण झाडाखाली चपला काढून तयार उभा राहणारा कुणी असावा लागतो. आपला चॅम्पियन तयारच होता.

पहिला मोठा सत्कार त्याच आठवड्यात झाला. व्यासपीठावर मागं तात्यासाहेबांचा पंधरा फुटी फ्लेक्स. डार्टचा बोर्ड टांगायला भिंत नव्हती, म्हणून कार्यकर्त्यांनी तो दोरीनं सरळ फ्लेक्सवरच बांधला, तात्यासाहेबांच्या छातीवर. चॅम्पियननं एक प्रात्यक्षिक दाखवावं अशी विनंती झाली. सुदर्शननं नेम धरला, हात उघडला, आणि त्याच क्षणी पाहुण्यांना उकडतंय म्हणून कुणीतरी मोठा कूलर चालू केला. फ्लेक्स फुगला, बोर्ड सरकला, आणि बाण तात्यासाहेबांच्या डाव्या डोळ्यात जाऊन रुतला. संध्याकाळपर्यंत विरोधकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. खाली लिहिलं होतं, 'अचूक वेध'.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी सुदर्शनला बोलावून घेतलं. राग त्यांनी गिळला होता, तो गिळायची त्यांना सवय होती. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पण हितून पुढं एक ध्यानात ठेव. बाण दाखवायचा. सोडायचा नाय."

आणि इथूनच सुदर्शनच्या हाताची कथा सुरू झाली.

तात्यासाहेबांचे सगळे फोटो उस्मानपुऱ्याचा इम्रान काढायचा. इम्रानचा मूळ धंदा लग्नांचा. नवरीनं हार धरला की "असंच धरा, सोडू नका" म्हणायचं, हवे तेवढे फोटो काढायचे, मग "झालं" म्हणायचं. त्याचं "झालं" ऐकल्याशिवाय आजवर एकाही नवरीनं हार घातलेला नव्हता. सत्कारातही तेच. सुदर्शननं बाण उचलून हात कानापाशी आणायचा, तात्यासाहेबांनी त्याच्या मनगटाला हात लावायचा, जणू नेम त्यांनीच शिकवलाय, आणि इम्रान म्हणायचा, "असंच धरा, चॅम्पियन. सोडू नका." कधी पाहुण्यांचा डोळा मिटायचा, कधी कार्यकर्त्यांची दुसरी रांग फोटोत घुसायची. हात वरच. मग कधीतरी "झालं".

सत्कार वाढत गेले. गणेश मंडळं, पतसंस्था, शाळांची संमेलनं, टाइल्सच्या दुकानाचं उद्घाटन. सुदर्शननं कंपनी सोडली आणि व्यावसायिक खेळाडू झाला. व्यावसायिक म्हणजे ज्याला दुसरा व्यवसाय उरलेला नाही असा. कपाटात शाली मावेनात. दीपमालानं आधी त्यांचे पडदे केले, मग वॉशिंग मशिनचं कव्हर केलं, मग सोफ्याची खोळ. तरी शाली उरल्याच.

"कंपनी काय शाली घड्या घालायला सोडली व्हय?" तिनं एकदा विचारलं. "चाचाकडं गच्चीवर गेल्याला किती दिवस झाले?"

"जातो की रविवारी," तो म्हणाला. रविवारी मिटमिट्याला सत्कार होता.

मग एका दुपारी तो घरातल्या बोर्डासमोर सहज उभा राहिला. हात कानापाशी नेला. आता सोडायचं, असं मनात म्हणाला. हात तिथंच. तो हसला, पुन्हा म्हणाला, सोड. बोटं बाणावर अशी बसली होती की जणू बाणच त्यांना धरून होता.  शेवटी डाव्या हातानं त्यानं उजव्या हातातला बाण काढून घेतला, आणि मागं बघितलं तर दारात दीपमाला होती.

"कवापासनं होतंय हे?" तिनं विचारलं.

"आत्ताच."

"खरं सांगा."

"दोन महिने झाले आसतील."

राष्ट्रीय स्पर्धा सहा महिन्यांवर होती, आणि या वेळी ती आपल्याच शहरात व्हायची होती. तात्यासाहेबांनीच खटपट करून आणली होती, कारण निवडणुकीचं वारं पुन्हा सुटलं होतं. म्हणजे सगळ्या गावासमोर हात वर करून पुतळा व्हायची वेळ आली होती. त्या दिवशी सुदर्शन पहिल्यांदा घाबरला. किताब, सत्कार, पेपरात नाव, यातलं काही त्याला त्या घडीला आठवलं नाही. हात सुटला पाहिजे, एवढंच त्याला पाहिजे होतं.

मग उपाय सुरू झाले. सरूबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून नजर काढली. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि खांदा उत्तम आहे असं सांगून मुलासाठी सही मागितली. एका मनाच्या प्रशिक्षकानं डोळे मिटून बाण सुटताना बघायला सांगितलं. डोळे मिटले की बाण मस्त सुटायचा, उघडले की हातातच असायचा.

रोग कळला तो अपघातानं. तात्यासाहेबांच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी इम्रान घरी फोटो काढायला आला. दीपमालानं जहांगीरचाचांनाही बोलावून आणलं होतं, ते कोपऱ्यात चहा पीत बसले होते. सुदर्शन बोर्डासमोर उभा राहिला. "असंच धरा, चॅम्पियन. सोडू नका," इम्रान म्हणाला. कॅमेरा वाजला. "झालं."

आणि बाण सुटला. आपोआप, अलगद, पूर्वीसारखा. बोर्डाच्या मधोमध लाल ठिपक्यात जाऊन बसला.

 चाचांनी कप खाली ठेवला. "इम्रान," ते म्हणाले, "फिरसे बोल."

पुन्हा हात वर, पुन्हा "झालं", पुन्हा बाण बोर्डात. इम्राननं तोंड बंद ठेवलं की हात तसाच.

"क्या कर दिया रे तुम लोगां नं," चाचा म्हणाले. "मी पोराला सोडायला शिकवलं, तुम्ही त्याला धरायला शिकवलं." ते सुदर्शनकडं वळले. "ऐक बेटा. एक पण फोटो नाय. एक पण सत्कार नाय. ही स्पर्धा सोड. हात खाली ठेव आन् गच्चीवर ये. हळूहळू इसरंल."

"आपल्याच शहरातली स्पर्धा कशी सोडू, चाचा? लोक काय म्हणतील?"

"लोक?" दीपमाला म्हणाली. "लोकांला तुम्ही बाण सोडता का नाय ते कळतं तरी का?"

सुदर्शननं होय होय म्हणून मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यात जाऊन इम्रानला स्पर्धेसाठी ठरवून आला.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात झाली. वधूपक्षाच्या खोलीत परगावचे खेळाडू, वरपक्षाच्या खोलीत पंच. नवरा-नवरीचा सोफा बसतो त्या जागी बोर्ड. त्याला झेंडूची माळ घालण्यात आली होती. परगावच्या खेळाडूंनी हात जोडून विनंती केली तेव्हा ती खाली आली.

इम्रान कॅमेरा गळ्यात अडकवून बाण मारायच्या रेघेपासून जरा लांब, पण ऐकू येईल असा उभा राहिला. सुदर्शन हात उचलायचा, इम्रान खटका दाबायचा आणि पुटपुटायचा, "झालं." बाण सुटायचा. झालं, सुटला. झालं, सुटला. पंचांना वाटलं फोटोग्राफर आपल्याच नादात बडबडतोय, लग्नांची सवय असेल. सुदर्शन पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला, उपांत्य फेरीत तर त्यानं तीन बाणांत एकशे ऐंशी केले, त्याहून जास्त होतच नाहीत. हॉल दणाणला. मागच्या खुर्चीवर जहांगीरचाचा मान खाली घालून बसले होते.

अंतिम सामना गुवाहाटीच्या एका शाळामास्तरांशी होता. त्यांच्या गावात त्यांना मास्तरच म्हणायचे. ते शांतपणे यायचे, तीन बाण सोडायचे, घाम पुसायचे. सामना शेवटच्या डावापर्यंत आला. सुदर्शनला चाळीस उरले होते. बाहेरच्या कडीत आकडा दुप्पट होतो, म्हणजे वीसच्या कडीत एक बाण, आणि खेळ खलास. हातात तीन बाण होते, पाहिजे होता एक.

त्यानं हात कानापाशी नेला.

त्याच वेळी दारात गाड्यांचा आवाज झाला. मुंबईहून तात्यासाहेबांच्या पक्षाचे मोठे साहेब आले होते. "इम्रान, इकडं ये! साहेबांचा पहिला फोटो चुकला नाय पायजे," असं ओरडत तात्यासाहेबांनी इम्रानचा दंड धरला आणि त्याला दाराकडं ओढत नेलं. इम्रान दोनदा मागं वळला. पण कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा तात्यासाहेबांची होती.

सुदर्शन तसाच उभा. हात वर. लोकांना वाटलं, चॅम्पियन आपल्यासाठी पोझ देतोय. एकेक करत सगळ्यांचे मोबाइल वर आले. अख्खं मंगल कार्यालय त्याच्याकडं मोबाइल रोखून बसलं, आणि तरी "झालं" कुणी म्हणेना. कारण फोटो कुणीच काढत नव्हतं, सगळे व्हिडिओ काढत होते. फोटो होतो. व्हिडिओ चालूच राहतो.

"झालं," सुदर्शन स्वतःशी म्हणाला. हातानं ऐकलं नाही. हाताला माहीत होतं की हा इम्रान नव्हे.

बायकांच्या खुर्च्यांतून दीपमाला उठली. "झालं!" ती ओरडली. जन्मात ती चारचौघांत एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. पण साहेबांच्या स्वागताला डीजे सुरू झाला होता, आणि तिचा आवाज दोन खुर्च्यांच्या पुढं गेला नाही.

पंचांनी एकदा ताकीद दिली, मग दुसऱ्यांदा दिली. मग सुदर्शनची पाळी रद्द झाली. मास्तर रेघेवर आले, बाण कडीत सोडला आणि जिंकले. जिंकल्यावर त्यांनी सुदर्शनपुढं हात जोडले, जणू चूक त्यांची होती. सुदर्शनचा हात अजून वरच होता. तो दीपमालानं येऊन खाली घेतला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसे 'सलग दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेता' असे फ्लेक्स आदल्या दिवशीच छापून आले होते. आता ते फेकणार कोण? संध्याकाळी ते दौलताबाद रोडवर लागले. कुणाच्यातरी व्हिडिओतून काढलेला शेवटच्या क्षणाचा फोटो वरून चिकटवला होता, हात वर, नजर बोर्डावर. पडेगावात अभिनंदनाची रीघ लागली. पहिल्या दोघा-तिघांना सुदर्शननं "नाय हो, हरलो" असं सांगून पाहिलं. ते हसले, म्हणाले, "चॅम्पियन लई नम्र माणूस हाय." मग तो नुसतं "धन्यवाद" म्हणू लागला.

पण घरी तो रडला. दीपमालासमोर, दार लावून, मोठ्यानं रडला. फोटो बंद, सत्कार बंद, अशी आईच्या गळ्यातल्या माळेला हात लावून शपथ घेतली. आणि हे त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे, की काही महिने त्यानं ती पाळली. तात्यासाहेबांना खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. गच्चीवर चाचा त्याच्या हाती बाण देत नव्हते, कबुतरंच देत होते. सकाळी सोडायची, संध्याकाळी परत यायची. हात हळूहळू मऊ पडत गेला.

मग उरूस आला. सुदर्शन आणि दीपमाला खुलताबादला गेले. जहांगीरचाचांचं दुकान तिथंच होतं, पाळण्यांच्या मागं. ताडपत्री नवी, बाण तेच.

"घे," चाचा म्हणाले, आणि तीन वाकडे बाण त्याच्या हातावर ठेवले. इम्रान नाही, कॅमेरा नाही. सुदर्शननं पहिला बाण बोटांत फिरवून कल पाहिला. हात कानापाशी नेला. 

बाण सुटला. फट. दुसरा सुटला. फट. तिसरा सुटायच्या आधीच सुदर्शन हसायला लागला होता, पोरासारखा, तोंडभर. फट. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. चाचांचा हात नकळत ताडपत्रीच्या दोरीकडं गेला. किती वर्षांनी त्यांना पुन्हा आपल्या साबणदाण्यांची काळजी वाटली. त्यांनी दोरी घट्ट धरली, कधीही ओढायच्या तयारीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता.

"आरं, चॅम्पियन हायेत ह्ये!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

माणसं वळली. मोबाइल वर आले. "चॅम्पियन, एक फोटो."

"आत्ता फोडले की तीन," सुदर्शन म्हणाला.

"ते कुठं आलं फोटोत? लई लवकर सोडता राव तुम्ही. हात वर धरा ना, फ्लेक्सवर हाय तसा."

सुदर्शननं दीपमालाकडं पाहिलं.

"अहो, घरी चला," ती म्हणाली.

"एकच," तो म्हणाला. "लोक थांबलेत."

त्यानं फळीवरून एक बाण उचलला, केस सारखे केले आणि हात कानापाशी नेला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, असंच धरा. चाचा थोडा वेळ त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी दोरी सोडून दिली आणि फळीवर नवे फुगे लावायला घेतले.